चौथ्या ओळीवरचं माणूस

सफूराची आई गेली तेव्हा घर माणसांनी भरून गेलं होतं. नवरा सौदीतल्या दम्मामहून येऊन पोचला, भाऊ आले, शेजारणींनी पत्तिरीच्या, म्हणजे तांदळाच्या पातळ भाकऱ्यांच्या चळती आणि काळ्या चहाची पातेली आणून ठेवली. मग हळूहळू सगळे आपापल्या वाटेने पांगले आणि घर एकदम ओकंबोकं झालं. अशा एका दुपारी शुश्रूषा केंद्राची गाडी फाटकाशी येऊन थांबली.

आईच्या आजारपणात ही गाडी दर आठवड्याला यायची. नर्स जेस्सी आईच्या पाठीच्या जखमा धुवायची आणि शंकुण्णी माश उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. माश शाळेतून कधीच निवृत्त झाले होते, पण गावाच्या लेखी ते मरेपर्यंत माश, म्हणजे मास्तरच राहणार होते. आता आई नव्हती, म्हणजे त्यांचं या घरातलं काम संपलं होतं. तरी ती दोघं आली, बसली, पाणी प्यायली. माश म्हणाले, "तुझ्या उम्मांना निवडणुकीच्या बातम्यांचा भारी कंटाळा. पण लग्नाच्या जाहिराती मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावायच्या. मुलगा पसंत नसला तर नाक मुरडायच्या."

आईची ही खोड सफूराला ठाऊकच नव्हती. आई गेल्यापासून ती नीट रडली नव्हती. त्या दुपारी हसता हसता रडली, आणि मग तिला रात्री झोप लागली.

त्या एका भेटीचं ऋण तिच्या मनात राहिलं. केरळातल्या निलंबूरच्या अलीकडचं हे केंद्र गावकऱ्यांनीच उभं केलेलं. पैसा गावाचा, गाडी गावाची, अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जाणारी माणसंही गावातलीच. कुणाकडे कधी जायचं याचा हिशेब जेस्सीच्या डोक्यात असायचा, आणि जेस्सी रजेवर गेली की तो हिशेबही रजेवर जायचा. सफूरा संगणक शिकलेली. लग्नानंतर काही वर्षं दम्मामच्या फ्लॅटमध्ये तिचं शिक्षण गंजलं. मुलीच्या शाळेसाठी गावी परतल्यावर तिने घरबसल्या नव्याने वेबसाइट घडवायचं काम शिकून घेतलं आणि कोळिकोडच्या एका कंपनीकडून ती थोडंथोडं काम आणू लागली. सासू म्हणायची, "दिवसभर टकटक टकटक, आणि तिकडे भाताला ऊत जातोय." पण बोलणं तेवढंच. भाताखालचा जाळ सासूच कमी करायची.

सफूराने केंद्राला सांगितलं, मी तुम्हाला एक अ‍ॅप करून देते. मोबदला नको.

तिने केलंही मन लावून. पडद्यावर एक तक्ता, आणि तक्त्यातल्या एकेका ओळीवर एकेक आजारी माणूस. ओळीला बोट लावलं की मध्यभागी एक चौकट उघडायची. या कामातले लोक तिला मोडल म्हणतात. मागचा तक्ता अंधूक होतो आणि चौकट पुढे येते. त्या चौकटीत आजार, औषधं, पुढची भेट. ओळीच्या शेवटी एक छोटं बटण होतं. माणूस गेलं की ते दाबायचं. मग दुसरी चौकट विचारायची, "हा रुग्ण निवर्तला. नोंद करायची?" हो म्हटलं की त्या भागातल्या स्वयंसेवकांच्या फोनवर निरोप जायचा, म्हणजे त्यांनी त्या घरी जावं. हा निरोपाचा भाग सफूराला कुणी सांगितला नव्हता. तो तिने आपल्या मनाने घातला होता.

जेस्सी खूश झाली. माशांनीही चष्मा कपाळावर सरकवून पडदा न्याहाळला आणि अक्षर मोठं कर म्हणून सांगितलं. काही महिने सगळं सुरळीत चाललं.

मग एका सकाळी कुन्हालन काका गेले. पूर्वी लाकडाच्या वखारीत हत्तीच्या बरोबरीने काम केलेला माणूस, शेवटी अगदी मूठभर उरला होता. जेस्सी तेव्हा तिथेच होती. त्यांच्या बायकोला, बीयात्तुला, तिने धीर दिला. मग दुसऱ्या घरचा फोन आला म्हणून निघाली. वाटेत केंद्रात थांबून तिने तक्ता उघडला. नाव चटकन सापडावं म्हणून नावं वर्णानुक्रमाने लावून घेतली. चौथ्या ओळीवर कुन्हालन. बटण दाबलं, चौकटीने विचारलं, नोंद करायची? जेस्सीचे डोळे भरलेले होते. तिने हो म्हटलं आणि ती पुढच्या घरी गेली.

माशांचा फोन वाजला तेव्हा ते रेशनच्या रांगेत होते. निरोप होता, "चिरुता, कैतक्काट घर. आज निधन झालं." माश रांग सोडून बाहेर आले आणि शेजारच्या ओट्यावर बसले. चिरुताअम्मांकडे ते पाचदहा दिवसांत एकदा तरी जायचे. या खेपेला पुतणीच्या लग्नामुळे जाणं झालं नव्हतं. त्यांनी घरी जाऊन धुतलेलं पांढरं मुंडू नेसलं, केंद्रातल्या सुबैदाला बरोबर घेतलं, फुलांचं मोठं चक्र बनवून घेतलं, आणि दोघं रिक्षाने कैतक्काट घरी पोचली.

अंगणात मांडव नव्हता, माणसं नव्हती. अजून कुणी आलंच नाही, या विचाराने माशांना आणखीच भरून आलं. तेवढ्यात त्यांना विहिरीजवळ सून दिसली. शीजा पाटावर बसून तारल्या साफ करत होती. भोवती तीन मांजरं.

माश आयुष्यात फार कुणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. म्हणाले, घरात काय झालंय, आणि तू आज मासळी करतेस? आजचा एक दिवस तरी सासूची आठवण ठेवायची होतीस! शीजाच्या हातातली सुरी तशीच राहिली. मासळी आणायला काल सासूनेच सांगितलं होतं, हे तिला सांगायचं होतं, पण माशांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि सुबैदाच्या हातात फुलांचं चक्र होतं. तिला काही कळेना.

"शीजा," आतून आवाज आला, "कोण आहे गं? कोण ओरडतंय?"

सुबैदाच्या हातातलं चक्र खाली पडायचं तेवढं राहिलं.

चिरुताअम्मा खिडकीपाशी खाटेवर होत्या, नेहमीसारख्याच. मणक्यात गाठ होती, कमरेखाली हालचाल नव्हती, पण वरचं सगळं शाबूत. त्यांनी माशांच्या धुतलेल्या मुंडूकडे पाहिलं, मग फुलांकडे.

"कोण गेलं?"

माश खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. शेवटी सुबैदाच चाचरत म्हणाली, "तुम्हीच, अम्मा. केंद्रातून तसा निरोप आला."

चिरुताअम्मांनी वर कौलांकडे पाहिलं. मग हसू लागल्या. हसलं की पाठ दुखायची, म्हणून एका हाताने खाटेची कड धरून हसत राहिल्या. हसणं ओसरल्यावर म्हणाल्या, "इकडे दाखव ते चक्र. फुलं ताजी आहेत हो. टाकू नका, खिडकीला टांगा." माश उठायला लागले तशी त्यांनी हात केला. "बसा, माश. माझ्यामागे चार शब्द बोलायला आला होतात ना? मग बोला की. खऱ्या दिवशी मला काय ऐकू येणारे?"

माश नाही नाही म्हणाले. पण त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. शाळेत दुपारची पेज शिजवण्यात त्यांचा जन्म गेला होता. गावातली अर्धी माणसं त्यांच्या हातचे मूग आणि पेज खाऊन वाढलेली. माश बसले आणि खाली बघत बोलले. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते परगावाहून आलेले, खोली भाड्याची, पगार अडकलेला. दुपारी बाकीचे मास्तर डबे उघडायचे तेव्हा हे रिकामा डबा घट्ट लावून, भूक नाही म्हणून बाहेर उभे राहायचे. पेज फक्त मुलांसाठी असायची.

"तुम्ही रोज मला हाक मारायचात," माश म्हणाले. "मीठ बरोबर पडलंय का बघा म्हणायचात, आणि ताटभर पेज वाढायचात. चव बघायला कुणी ताटभर वाढतं का? पण मला वर्षभर कळलंच नाही. मला वाटायचं, तुम्हाला मिठाचा अंदाज नाही."

"मला मिठाचा अंदाज नाही?" चिरुताअम्मांनी मान वर उचलली. स्वतःच्या मरणाची बातमीही त्यांना एवढी लागली नव्हती. "वर्षभर असं वाटत होतं तुम्हाला?"

"वर्षभर, चेच्ची," मोठ्या बहिणीला म्हणतात तसं माश म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "आणखी सांगा."

सुबैदाने पुढे हे सगळं सफूराला सांगितलं तेव्हा ती सांगत होती की माश बोलत राहिले, शीजा दारात ओल्या हातांनी उभी राहून ऐकत होती, आणि मांजरांनी तोवर तारल्यांचा फडशा पाडला.

माशांनी त्या दिवशी कुणाला फोन केला नाही. जेस्सीच्या हातून चूक झाली असेल, उगाच तिला कशाला दुखवा, असा त्यांचा विचार. दुसऱ्या दिवशी त्यांनी सफूराला सहज सांगितलं, तेही हसत. सफूराही आधी हसली. मग तिच्या मनात आलं, चिरुताअम्मा गेल्याच नाहीत, तर मग जेस्सीने नोंद केली कुणाची? तिने जेस्सीला विचारलं. कुन्हालन काकांची, जेस्सी म्हणाली. का गं?

सफूराने संगणक उघडला. चूक शोधायला वेळ लागला नाही, एवढी ती उघडी होती. ओळीवर बोट ठेवलं की ती ओळ चौकटीला फक्त आपला क्रमांक पाठवत होती. चौथी ओळ, एवढंच. नावं ज्या क्रमाने प्रथम भरली त्या मूळ यादीत चौकट मग चौथं माणूस शोधायची. यादी जशीच्या तशी असेल तोवर दोन्ही चौथे एकच. पण जेस्सीने नावं वर्णानुक्रमाने लावली आणि पडद्यावरच्या चौथ्या जागी कुन्हालन आले. मूळ यादीत तिथे चिरुता होत्या. तपासताना सफूराने दोनचार खोटी नावं भरून पाहिली होती, ती कधी हलवून पाहिली नव्हती. आणि चौकटीने नुसतं "हा रुग्ण" म्हटलं होतं. कोणता, हे ती बोललीच नाही. नाव दिसलं असतं तर जेस्सीचं बोट थांबलं असतं.

तक्त्यात कुन्हालन काका अजून जिवंत होते. पुढची भेट: गुरुवार.

म्हणजे त्यांच्या भागातल्या कुणालाही निरोप गेला नव्हता. आदल्या दिवशीच दफन झालं होतं आणि केंद्राचं कुणीही त्या घरी गेलं नव्हतं. आईच्या मागे आलेली ती दुपार सफूराला आठवली, आणि तिने संगणक मिटला. सासूने विचारलं, "काय झालं?" सफूराने सांगितलं. सासू म्हणाली, माणूस चुकतं, पण चुकल्यावर घरात बसू नये. डोक्यावरचा तट्टम ठीक कर आणि जा.

बीयात्तु मागच्या खोलीत बसली होती. नवऱ्यामागे पाळायची इद्दत सुरू झालेली, आता कित्येक महिने ती उंबऱ्याबाहेर पडणार नव्हती. सफूरा तिच्याजवळ चटईवर बसली. वाटेत जुळवलेलं सगळं ती विसरली होती. तिने सरळ सांगितलं, की तुमच्याकडे कुणी आलं नाही याला कारण मी आहे.

बीयात्तुने शांतपणे ऐकून घेतलं. "मी रस्त्याकडे बघत होते," ती म्हणाली. "जेस्सी सिस्टर गेल्यावर वाटलं, आता माश येतील, बाकीचे येतील. ह्यांचा लोभ होता ना सगळ्यांवर. मग म्हटलं, कुठे कुणी जास्त आजारी असेल, तिकडे अडकले असतील."

सफूराला मान वर करवेना. एक शिवी बसली असती तर बरं, असं तिला वाटलं.

"आणि ह्यांचं काय लिहिलं होतं तुझ्या त्या यंत्रात?"

"ते आहेत, असं. आत्ता निघताना मी बदललं."

बीयात्तुने हातातली जपमाळ खाली ठेवली. "म्हणजे काल होते. आजही होते, दुपारपर्यंत." ती हलकेच म्हणाली. "बघ पोरी, कुठेतरी जरा जास्त राहिले."

मग ती नवऱ्याबद्दल बोलू लागली. हत्ती त्याचं ऐकायचे, पण घरची शेळी ऐकायची नाही. भात कधी दुसऱ्यांदा मागून घ्यायचा नाही, आपण होऊन वाढावा लागायचा. सफूरा ऐकत राहिली. उठायची वेळ झाली तेव्हा बीयात्तुने विचारलं, "परत येशील?" सफूरा पुढच्या आठवड्यात गेली, त्याच्या पुढच्याही.

चिरुताअम्मांकडे जायला तिला त्याहून जास्त बळ एकवटावं लागलं. तिथे रागावतील याची भीती नव्हती, हसतील याची होती. आणि तसंच झालं.

"ये," त्या म्हणाल्या. "मला मारलंस ती तूच ना? चेहऱ्यावरून वाटत नाही." खिडकीत चक्र अजून होतं, कडेची फुलं सुकायला लागली होती. सफूराने माफी मागितली. त्यांनी ती मध्येच तोडली आणि म्हणाल्या, मला दाखव, कुठे मेले मी.

सफूराने फोन पुढे धरला. चिरुताअम्मांनी उशाखालून चष्मा काढला, आपली ओळ बोटाने दाबली, आणि उघडलेली चौकट नीट वाचली. आजार, औषधं, पुढची भेट. वाचून झाल्यावर त्यांनी फोन परत दिला.

"हे कुणाचंही असेल," त्या म्हणाल्या. "गाठ गावात आणखी चौघांना आहे, याच गोळ्या तेही घेतात. माझी अदलाबदल झाली यात नवल काय? पेज कुठे आहे यात?"

सफूराने ती चौकट पुन्हा वरून खाली वाचली.

त्या आठवड्यात तिने कोळिकोडच्या कंपनीचं काम बाजूला ठेवलं. आता ओळीकडून चौकटीकडे क्रमांक जात नव्हता. प्रत्येक माणसाला त्याची स्वतःची अशी एक खूण दिली होती, यादी कशीही फिरवली तरी न बदलणारी, आणि तीच चौकटीकडे जात होती. चौकटीच्या माथ्यावर ठळक अक्षरात नाव आणि घराचं नाव. निधनाच्या चौकटीत तर नाव वाचून खूण केल्याशिवाय हो म्हणताच येत नव्हतं. तिने यादी उलटसुलट केली, मधली नावं काढली, पुन्हा घातली, मुलीला सांगितलं की तुला हवा तसा घोळ घाल. चौकट चुकली नाही.

आणि औषधांच्या खाली तिने एक मोकळी जागा ठेवली. तिला नाव काय द्यावं हे सुचेना, म्हणून नुसतं "माणूस" लिहिलं. चिरुताअम्मांची जागा तिने स्वतः भरली: शाळेत पेज शिजवायच्या. मिठाचा अंदाज अचूक.

बाकीच्यांची जागा स्वयंसेवक भरू लागले. आधी संकोचाने, मग चढाओढीने. एकाच्या चौकटीत आलं, बिडी मागतील, देऊ नये, पण मागितल्याबद्दल रागावूही नये. दुसऱ्याच्या, फुटबॉलचा निकाल आधीच सांगू नका, रात्री पुन्हा दाखवतात तो बघतात. एका म्हातारीबद्दल जेस्सीने लिहिलं, डाव्या बाजूला बसा, त्या बाजूने हात धरता येतो. नव्या स्वयंसेवकाने ओळीवर बोट ठेवलं की आजाराबरोबर हेही पुढे यायचं, आणि तो परक्या घरात अगदीच परका म्हणून शिरायचा नाही.

चिरुताअम्मा त्यानंतर ओणम होऊन गेल्यावर गेल्या, पहाटे, झोपेत. जेस्सीने सफूराला फोन केला. "मी नाव वाचलं," ती म्हणाली. "मोठ्याने वाचलं. मग दाबलं." 

या खेपेला अंगणात मांडव होता आणि माणसं कुंपणाबाहेर रस्त्यापर्यंत उभी होती. अग्नी द्यायच्या आधी कुणीतरी माशांना दोन शब्द बोलायला सांगितलं. माशांनी मान हलवली. "माझं बोलून झालंय," ते म्हणाले, आणि शीजाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. शीजाने त्यांचा हात धरला. तारल्यांवरून झालेल्या बोलण्याबद्दल माशांनी तिची कितीदा माफी मागितली असेल, त्याला मोजदाद नव्हती.

बीयात्तुची इद्दत संपली तेव्हा ती पहिल्यांदा घराबाहेर पडली ती थेट केंद्रात आली. म्हणाली, मला लिहितावाचता बेताचंच येतं, पण बसता येतं. मला कुठे पाठवायचं ते पाठवा. जेस्सीने तिला सफूराच्या जोडीला दिलं, कारण सफूरा आता गुरुवारी स्वतःच गाडीबरोबर जायची. सासू दर गुरुवारी भात लावायची आणि कुरकुरायची.

पहिल्या दिवशी त्यांच्या वाट्याला बसचे एक निवृत्त कंडक्टर आले, नव्याने यादीत घेतलेले. सफूराने ओळीवर बोट ठेवलं. चौकट उघडली. नाव, घर, फुप्फुसाचा आजार. "माणूस" पुढे काहीच नव्हतं.

फाटकाशी गेल्यावर आतून खोकला ऐकू आला आणि पाठोपाठ आवाज, "कोण? मला कुणाची गरज नाही. जागा नाही. पुढच्या गाडीने या."

सफूरा गोंधळली. बीयात्तुने मात्र फाटकाच्या खांबाला टेकून, सगळं आयुष्य वाट बघण्यातच गेल्यासारखं म्हटलं, "बरं. पुढची गाडी किती वाजता?"

आतून खाट करकरली. मग खोकला. मग, "उद्या. दहाला. वेळेवर यायचं."

दोघी परत फिरल्या. वळणावरच्या टपरीत त्यांनी चहा घेतला, केळ्याचं एक भजं निम्मं निम्मं केलं. सफूराने फोन काढला आणि त्या मोकळ्या जागेत लिहायला बोटं टेकवली.

"काय लिहितेस?" बीयात्तुने विचारलं.

सफूराने वाचून दाखवलं: वेळेवर जावं.

"आणि?"

"आणखी काही कळलंय कुठे अजून?"

"मग उद्या लिही," बीयात्तु म्हणाली, आणि आपला चहा संपवून तिने ग्लास फळीवर पालथा घातला.